‘डॉक्टर, मी फक्त स्कॉच घेतो!’

रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टरांनी ‘दारू घेता का?’ असं विचारलं, की नुसतं ‘हो’ असं उत्तर क्वचितच येतं. ‘कधीतरी’, ‘शनिवारी’, ‘कुणाची पार्टी असली तर’ ही नेहमीची उत्तरं. अलीकडे त्यात आणखी एकाची भर पडली आहे : ‘घेतो, पण फक्त स्कॉच.’ या ‘फक्त’मध्ये दोन दावे आहेत. एक, स्कॉच चवीला चांगली असते. दोन, म्हणून ती अंगालाही बरी. पहिल्या दाव्यात तथ्य आहे आणि त्यामागचं विज्ञान मोठं रंजक आहे. दुसऱ्या दाव्याचं काय करायचं, ते पहिला नीट समजला की आपोआप कळतं.

इथे स्कॉच म्हणजे दिवाणखान्यातल्या कपाटात पाहुण्यांना दाखवायला ठेवलेली अठरा वर्षांची सिंगल माल्ट नव्हे. बहुतेकांच्या ग्लासात असते ती ब्लेंडेड स्कॉच : टीचर्स, हंड्रेड पायपर्स, ब्लॅक अँड व्हाइट, व्हॅट ६९ या रांगेतली. स्कॉटलंडमधल्या उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये भारतात १९ कोटी २० लाख बाटल्यांइतकी स्कॉच आली. प्रमाणाच्या हिशेबात जगात सर्वाधिक. त्यातली बरीचशी मोठ्या टाक्यांतून सुटी येते आणि इथे बाटल्यांत भरली जाते. सिंगल माल्टला ही मुभा नाही, ती स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद व्हावी लागते. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटनने सही केलेल्या व्यापार करारात स्कॉचवरचं आयात शुल्क दीडशे टक्क्यांवरून आधी पंचाहत्तर आणि दहा वर्षांत चाळीस टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. म्हणजे ‘परवडणारी स्कॉच’ हा शब्दप्रयोग यापुढे अधिकाधिक ऐकू येणार. ती परवडते कशी आणि आवडते का, हे म्हणून पाहू.

स्कॉच व्हिस्कीची सुरुवात आपल्या नाचणीसत्त्वासारखी होते. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून आपण दळतो. मोड येताना दाण्यातलं अमायलेज हे एन्झाइम जागं होतं आणि पिष्टाची साखर करू लागतं. बार्लीचं, म्हणजे आपल्या सातूचं, हेच केलं की तिला ‘माल्ट’ म्हणतात. ती साखर पाण्यात उतरवायची, यीस्ट घालून आंबवायची आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन करायचं. गोव्यात काजूच्या रसापासून फेणी काढणारी भाटी याच तत्त्वावर चालते. तांबं इथे शोभेसाठी नसतं. आंबवणात तयार झालेली, कुजक्या कोबीसारख्या वासाची गंधकयुक्त संयुगं वाफेतून जाताना तांब्याला चिकटून राहतात आणि पेय स्वच्छ होतं. ही झाली माल्ट व्हिस्की. दाट, चवीची, पण काढायला सावकाश आणि म्हणून महाग.

१८३० मध्ये आयर्लंडमधल्या एनीयस कॉफी या गृहस्थाने उंच स्तंभासारख्या ऊर्ध्वपातन यंत्राचं पेटंट घेतलं. गंमत म्हणजे हा माणूस आधी अबकारी खात्यात अधिकारी होता. त्याच्या यंत्रात एका बाजूने आंबवण ओतत राहायचं आणि दुसऱ्या बाजूने मद्यार्क घेत राहायचा, भांडं रिकामं करून पुन्हा भरायची कटकट नाही. गहू किंवा मका मुख्य आणि थोडी माल्ट, एवढ्यावर काम भागतं. यातून निघते ती ‘ग्रेन व्हिस्की’ : हलकी, किंचित गोडसर, फारसा स्वभाव नसलेली. १८६० च्या कायद्याने कर भरण्याआधीच गोदामात माल्ट आणि ग्रेन एकमेकांत मिसळायला परवानगी मिळाली आणि एडिंबरामधल्या अँड्र्यू अशर यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी आधुनिक ब्लेंड घडवलं. पुढे फ्रान्समधल्या द्राक्षबागा फिलॉक्सेरा या किडीने उद्ध्वस्त केल्या, ब्रँडी मिळेनाशी झाली आणि लंडनच्या उच्चभ्रूंच्या ग्लासात ही नवी व्हिस्की जाऊन बसली. ही ‘भेसळ’ व्हिस्की म्हणवून घ्यायला लायक आहे का, यावर इंग्लंडमध्ये खटले झाले. अखेर १९०९ मध्ये शाही आयोगाने ‘आहे’ असा निर्वाळा दिला.

साध्या ब्लेंडमध्ये साधारण साठ ते ऐंशी टक्के ग्रेन व्हिस्की असते. ती स्वस्त पडते आणि बाटली परवडते. दुसरं कारण वयाचं. स्कॉच म्हणवून घेण्यासाठी मद्य स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं राहायलाच हवं. बाटलीवर वय छापलं असेल, तर ते मिश्रणातल्या सर्वात तरुण व्हिस्कीचं असतं. वय छापलेलंच नसेल, तर त्यातल्या काही व्हिस्की तीन वर्षांच्या उंबरठ्यापासून फार दूर गेलेल्या नसण्याची शक्यता जास्त. पिंपातून दरवर्षी सुमारे दोन टक्के मद्य हवेत उडून जातं, त्यामुळे प्रत्येक जादा वर्षाची किंमत मोजावी लागते. (बेंगळूरुच्या हवेत हाच आकडा दहा टक्क्यांच्या वर जातो. भारतीय सिंगल माल्ट लहान वयातच प्रौढ वाटतात, त्यात या उष्णतेचा वाटा मोठा.) आणि रंगावरून वय ओळखायला जाऊ नका. स्कॉचमध्ये पाण्याखेरीज आणखी एकच गोष्ट घालायला परवानगी आहे, ती म्हणजे रंगासाठी साधं कॅरमल, म्हणजे जाळलेली साखर.

आता चवीकडे येऊ. उदाहरण म्हणून टीचर्स हायलँड क्रीम घेऊ. ही काही शिफारस नाही. या रांगेतल्या व्हिस्कींमध्ये तिला स्वतःचा चेहरा आहे आणि तो कुठून आला हे सांगता येतं, म्हणून ही निवड. विल्यम टीचर यांनी १८३० मध्ये ग्लासगोत धंदा सुरू केला. त्यांच्या मद्यालयांत धूम्रपानाला मनाई होती, आणि ‘आता माझा राउंड’ म्हणून सगळ्यांसाठी मागवायलाही. एकमेकांच्या आग्रहाखातर माणूस ठरवल्यापेक्षा जास्त पितो, हे त्या दुकानदाराला कळलं होतं. आपल्याकडच्या परमिट रूममध्ये हा नियम लावून पाहावा! ‘हायलँड क्रीम’ हे नाव १८८४ मध्ये नोंदवलं गेलं आणि १८९८ मध्ये विल्यम यांच्या मुलाने, अॅडम टीचर यांनी, ॲबर्डीनशरमध्ये आर्डमोर ही भट्टी उभारली. आर्डमोरची माल्ट आजही या ब्लेंडच्या मध्यभागी आहे आणि तिच्यात धूर आहे.

हा धूर पीटचा. दलदलीत हजारो वर्षं साचलेलं शेवाळ, गवत आणि झुडपं अर्धवट कुजून जी काळी माती होते, ती पीट. ती वाळवून जाळली आणि तिच्या धुरावर मोड आलेली बार्ली सुकवली, की ग्वायाकॉल, क्रेसॉल अशी फिनॉल कुळातली रसायनं दाण्याला चिकटतात आणि आंबवण, ऊर्ध्वपातन, पिंप हे सगळं पार करून ग्लासापर्यंत येतात. चुलीत भाजलेल्या भरताच्या वांग्याला जो वास लागतो, तो याच कुळातला. आइला बेटावरच्या काही माल्टमध्ये हा धूर इतका असतो की पहिल्यांदा पिणाऱ्याला दवाखान्यातल्या जंतुनाशकाची आठवण येते. टीचर्समध्ये तो मागे, शेकोटी विझल्यावर कपड्यांना राहतो तेवढाच आहे.

धुराच्या पुढे काय लागतं? आधी सफरचंद आणि पेअरसारखा फळाचा वास, मग मध, टॉफी, भाजलेल्या धान्याचा खमंगपणा, आणि शेवटी घशाशी किंचित कडवट, कोरडा, खरखरीत शेवट. जाणकार याला ‘रफ’ म्हणतात आणि तक्रार रास्त आहे. तरुण ग्रेन व्हिस्कीचा हा धारदारपणा जास्त वयाच्या ब्लेंडमध्ये बोथट झालेला असतो. पण फळ, गोडी आणि धूर या तिन्ही गोष्टी एकाच घोटात ओळखू याव्यात, इतपत स्पष्टपणा या किमतीत सर्रास मिळत नाही. माझ्या मते या बाटलीचं आकर्षण तेच आहे. मऊपणात तिला मागे टाकणारी ब्लेंड पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या कित्येक इतक्या मऊ आहेत की ग्लास संपल्यावर काय प्यायलो हे आठवत नाही.

आणि हे वास कवीच्या कल्पना नव्हेत. केळ्याचा वास देणारं आयसोअमाइल ॲसिटेट पिकलेल्या केळ्यात आणि व्हिस्कीत एकच असतं. यीस्ट ते आंबवताना बनवतं. सफरचंदाच्या वासाचं इथाइल हेक्झानोएटही तसंच. ओकच्या लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन येतं, व्हॅनिलाच्या शेंगेतलं तेच. ओकमधून येणाऱ्या, खोबऱ्यासारख्या वासाच्या एका संयुगाचं तर नावच ‘व्हिस्की लॅक्टोन’ आहे. अमेरिकी बर्बनला कायद्याने नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं आणि ते एकदाच वापरता येतं. ती वापरलेली पिंपं स्कॉटलंड विकत घेतं. आपल्याला आवडणारा टॉफी-व्हॅनिलाचा गोडवा बराचसा या जुन्या पिंपांचा.

भारतात मिळणाऱ्या बाटलीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं आणि उरलेलं जवळजवळ सगळं पाणी. फळं, मध, धूर, खोबरं हे सगळं मिळून एक टक्काही भरत नाही. मास्टर ब्लेंडरचं कसब, अठरा वर्षांची प्रतीक्षा, बाटल्यांमधला हजारो रुपयांचा फरक, सगळं त्या एका टक्क्याच्या आत मावतं.

हा चिमूटभर ऐवज जिभेला कळत नाही. जिभेला गोड, कडू एवढंच समजतं. बाकीचं काम नाकाचं, आणि तेही घोट गिळल्यावर घशामागून नाकात चढणाऱ्या वाफेचं. सर्दी झाली असेल तर वीस वर्षांची माल्ट आणि तीन वर्षांचं ब्लेंड यांतला फरक सांगणं अवघड होऊन बसतं. घसा जळतो ती चवही नव्हे. मिरचीने पेटणारा टीआरपीव्ही-१ हा वेदनेचा संवेदक एरवी साधारण ४२-४३ अंश सेल्सियसला जागा होतो. अल्कोहोल तो उंबरठा ३४ अंशांच्या आसपास खाली आणतं. शरीर ३७ अंशांचं, त्यामुळे स्वतःच्याच तोंडाची ऊब चटका देते. सोबत तिखट चखणा असेल तर एकाच संवेदकावर दोघांचा मारा होतो आणि व्हिस्कीतलं फळबीळ सगळं त्यात वाहून जातं.

पाणी घालावं की नाही, हा वाद तर जुनाच. स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर पाणी, इथेनॉल आणि ग्वायाकॉल यांच्या रेणूंची हालचाल तपासली. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असतं तेव्हा ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाजवळ, म्हणजे नाकाच्या वाटेवर, राहतं. ५९ टक्क्यांच्या वर ते इथेनॉलच्या गराड्यात अडकून आत बुडतं. ब्लेंडर स्वतः व्हिस्की हुंगतात तेव्हा ती पाण्याने साधारण वीस टक्क्यांवर आणून हुंगतात. तेव्हा ‘पाणी घालून पिणं म्हणजे अपमान’ या बारमधल्या सिद्धांताला विज्ञानाचा पाठिंबा नाही. बर्फाने मात्र सुगंधी रेणूंचं उडणं मंदावतं आणि फळ नाहीसं होतं. कोलात मिसळायची असेल तर स्कॉचवर पैसे घालवण्यात अर्थच नाही. सोड्याबद्दल एक सावधानता : २००७ मधल्या एका छोट्या प्रयोगात व्होडका फसफसत्या पाण्यातून दिल्यावर २१ पैकी १४ जणांच्या रक्तात अल्कोहोल अधिक वेगाने चढलं.

चवीतला शेवटचा घटक बाटलीबाहेर असतो, तो म्हणजे किंमत. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात वीस जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून वाइन पाजली गेली. पाच डॉलरची वाइन एकदा खऱ्या किमतीने आणि एकदा ४५ डॉलरची म्हणून दिली. महाग म्हणून दिलेली लोकांना जास्त आवडली, आणि ते भिडेखातर तसं म्हणत नव्हते. सुखाची नोंद करणारा मेंदूचा भागही जास्त उजळला होता. मग ब्लेंड आणि माल्टची चढाओढ लेबल झाकून एकदा खेळून पाहायला हरकत नाही. निकाल काय लागेल याची पैज मात्र मी घेणार नाही.

आता ‘फक्त स्कॉच’मधला दुसरा दावा. तो बहुधा असा मांडला जातो : देशी व्हिस्की मळीपासून बनते, ‘केमिकल’ असते; स्कॉच शुद्ध असते. यातलं पहिलं अर्धवट खरं आहे. आपल्याकडच्या पुष्कळशा स्वस्त व्हिस्कींचा पाया साखर कारखान्याच्या मळीतून काढलेला मद्यार्क हाच असतो आणि त्यात थोडी माल्ट मिसळलेली असते. युरोपच्या नियमांनुसार तिला व्हिस्की म्हणताच येत नाही. पण शुद्धतेचा हिशेब नेमका उलटा आहे. मळीचा तो मद्यार्क इतका गाळलेला असतो की त्यात इथेनॉलखेरीज जवळजवळ काही उरत नाही. म्हणून तर त्याला चव नसते. स्कॉचमध्ये एस्टर, फिनॉल, अल्डिहाइड, इतर अल्कोहोल अशी शेकडो संयुगं मुद्दाम राखलेली असतात. रसायनशास्त्राच्या भाषेत चव म्हणजेच अशुद्धता. या अशुद्धतेचा दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीशी थोडा संबंधही आहे. २०१० मध्ये अमेरिकेत बर्बन आणि व्होडका यांची तुलना झाली. बर्बनमध्ये अशी संयुगं ३७ पट होती आणि ती प्यायलेल्यांना सकाळी जास्त वाईट वाटलं. झोप आणि एकाग्रता मात्र दोन्ही गटांत सारखीच बिघडली होती, कारण ते काम इथेनॉलचं.

फरक जिवावर बेततो तो वेगळ्याच ठिकाणी. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, ते मिथेनॉलमुळे. परवानाधारक दुकानातल्या सीलबंद बाटलीत, मग ती देशी असो की स्कॉच, ही भीती नसते. रिकाम्या स्कॉचच्या बाटलीत भलतंच भरून विकणारे असतात, त्यामुळे बाटली रद्दीवाल्याला देण्यापूर्वी लेबल फाडून टाकलेलं बरं.

राहिलं यकृत. त्याला धूर कळत नाही, मध कळत नाही, वय तर नाहीच. ३० मिलिलिटरच्या ‘स्मॉल’मध्ये दहा ग्रॅम इथेनॉल असतं, टीचर्सच्या आणि दसपट महाग माल्टच्याही. साधारण प्रौढ यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम निपटतं. म्हणजे दोन ‘लार्ज’ घेऊन अकराला उठलेल्या माणसाच्या रक्तात पहाटे तीन-चारपर्यंत अल्कोहोल असू शकतं. त्यातून मिळालेल्या २८० कॅलरी वेगळ्या, चखणा वेगळा. ब्रिटनमधल्या सरकारी सल्ल्यात आठवड्याला १४ युनिटची मर्यादा आहे. आपल्या मापात सुमारे अकरा ‘स्मॉल’, तेही तीन किंवा अधिक दिवसांत विभागून. जागतिक आरोग्य संघटनेने तर जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलं की सुरक्षित म्हणावं असं कोणतंच प्रमाण नाही. कारण कर्करोग. अल्कोहोलयुक्त पेयं १९८८ पासून पहिल्या गटातली कर्करोगकारकं म्हणून नोंदलेली आहेत. तंबाखूसोबत तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, गुणला जातो. गुटखा-मावा आणि ‘फक्त स्कॉच’ एकत्र असणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. आणि तरी महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी जो परवाना लागतो, तो कागदोपत्री ‘आरोग्य टिकवण्यासाठी’ दिला जातो. स्पिरिटसाठी वयाची अट पंचवीस वर्षांची.

मधुमेहींनी एक गोष्ट घरच्यांना सांगून ठेवावी. इथेनॉलचा निचरा करण्यात गुंतलेलं यकृत नवी साखर तयार करणं जवळजवळ थांबवतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल आणि जेवण टाळून किंवा अर्धवट जेवून पेग झाले असतील, तर रात्री उशिरा रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. घाम, बरळणं, तोल जाणं, हाक मारली तरी नीट न उठणं ही तिची लक्षणं, आणि चढल्याची लक्षणंही थोडीफार हीच. व्हिस्कीचे ते चिमूटभर सुगंधी रेणू अजून श्वासातून येत असतात, म्हणून घरचे म्हणतात, ‘जास्त झालीय, झोपू द्या.’ अशा वेळी आधी ग्लुकोमीटर काढा. आकडा सत्तरच्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर साखरपाणी पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग काहीतरी खाऊ घाला आणि रात्रभर लक्ष ठेवा, कारण साखर पुन्हा उतरू शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.